प्लेगचे नाव घेणारा डॉक्टर

सप्टेंबर १८९६. मुंबईत पावसाळा सरत आला होता. मस्जिद बंदराजवळच्या मांडवी भागात धान्याची गोदामे, दाटीच्या चाळी आणि गुडघाभर तुंबलेली गटारे असा नेहमीचाच देखावा होता. गोदामांत मेलेले उंदीर मात्र नेहमीपेक्षा जास्त सापडत होते आणि माणसेही अचानक आजारी पडत होती. थंडी वाजून जोराचा ताप, बडबड, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आणि तीन-चार दिवसांत मृत्यू. त्या भागात दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरने असे रुग्ण पाहिले आणि त्याला जे दिसले ते उघडपणे सांगून टाकले. हा प्लेग आहे, असे त्याचे निदान होते. त्या डॉक्टरचे नाव अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस.

आज फ्लूची किंवा कुठल्याही नव्या साथीची जगभर टेहळणी होते. तिच्यामागे प्रयोगशाळा, संगणक आणि आंतरराष्ट्रीय करार आहेत. पण त्या साखळीची पहिली कडी तेव्हा होती तीच आहे. समोरचा रुग्ण नेहमीसारखा नाही हे कुणीतरी ओळखायचे आणि वेळेत सांगायचे. हे सांगण्याची किंमत किती असते, हे डॉ. व्हिएगस यांच्या आयुष्यातून कळते.

व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यात, बार्देशातल्या हडफडे गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होते. शिक्षण आणि नोकरी यांसाठी गोव्याची असंख्य मुले मुंबईची वाट धरत. अकासिओही त्यांतलेच. मुंबईत सेंट मेरी शाळेत शिकून ते ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले आणि डॉक्टर झाले. नंतर त्यांनी मांडवीत व्यवसाय सुरू केला. मांडवी ही श्रीमंतांची वस्ती नव्हे. धान्याचे व्यापारी, हमाल, गोदीतले मजूर आणि त्यांची कुटुंबे असा तिथला रुग्णवर्ग. पुढे व्हिएगस महापालिकेत निवडून गेले आणि तिच्या स्थायी समितीचे सदस्य झाले. म्हणजे १८९६ साली एकाच माणसाच्या एका हातात मांडवीच्या रुग्णाची नाडी होती आणि दुसऱ्या हातात शहराच्या कारभाराचा एक धागा. साथीच्या इतिहासात असा योग क्वचित जुळून येतो.

त्यांचे निदान सोपे नव्हते. मुंबईतल्या डॉक्टरांच्या त्या पिढीने प्लेग पुस्तकातच वाचला होता. दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये प्लेगची मोठी साथ आली होती आणि तिथे अलेक्झांडर येर्सिन यांनी या रोगाचा जीवाणू शोधला होता. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यात जहाजांची सतत ये-जा होती. पण मुंबईत तापाचे प्रकार कमी नव्हते. हिवताप, विषमज्वर, पुनरावर्ती ताप यांनी माणसे दरवर्षी मरतच. गाठीचे कारण दुसरेही असू शकत होते. व्हिएगस यांच्या दवाखान्यात प्रयोगशाळा नव्हती. डोळे, बोटे आणि एकापाठोपाठ एक येणारे सारखे रुग्ण, एवढ्यावरच त्यांना निष्कर्ष काढायचा होता.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात त्यांनी स्थायी समितीपुढे हा विषय मांडला. सभागृहात त्याचे स्वागत झाले नाही. आरोग्य खात्याचे अधिकारी संशयास्पद ताप यापलीकडे जायला तयार नव्हते. प्लेग हा शब्द टाळून गाठीचा ताप अशी सौम्य भाषा वापरली जाऊ लागली. इतक्या थोड्या पुराव्यावर एवढे मोठे नाव का घ्यायचे, असा प्रश्न होता आणि त्यामागे भीतीही होती.

त्या भीतीला कारण होते. मुंबई हे कापसाचे आणि धान्याचे बंदर. विदर्भातला कापूसही रेल्वेने याच बंदरात येऊन जहाजात चढत असे. प्लेगचे नाव जाहीर झाले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना अडवणार, व्यापार बसणार, गिरण्या थंडावणार, हे सगळ्यांना दिसत होते. पुढे झालेही तसेच. युरोपातल्या देशांनी बंदीची धमकी दिली. १८९७ च्या सुरुवातीला मुंबईहून निघणारी हज यात्राही थांबवावी लागली. खरे सांगणाऱ्या शहराला शिक्षा आणि गप्प बसणाऱ्याला सूट, असा तो हिशेब होता. त्या हिशेबात गप्प बसणेच शहाणपणाचे वाटावे यात नवल नाही.

व्हिएगस मात्र निदानावर ठाम राहिले. सरकारने इतर तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ त्या वेळी भारतात पटकीच्या लशीचे काम करत होते. त्यांना मुंबईला पाठवण्यात आले. ७ ऑक्टोबरला ते मुंबईत पोहोचले. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचा जीवाणू दिसला आणि मांडवीच्या डॉक्टरचे म्हणणे खरे ठरले.

निदान खरे ठरल्यानंतर जे घडले, तो या कथेचा कडू भाग आहे. आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबरला हुकूम काढला. रुग्ण सापडला की त्याला घरातून उचलून रुग्णालयात न्यायचे, नातेवाइकांना वेगळे ठेवायचे, घर धुऊन काढायचे. हे सारे सक्तीचे होते. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, असा समज आधीच पसरलेला. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी ऑर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. सफाई कामगारही शहर सोडून जातील अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा पालिकेने सक्ती सैल केली. तोवर लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली होती. कपाटात, गच्चीवर, सामानाच्या मागे रुग्ण दडवले जात होते. म्हणजे सरकारने टाळले तेच आता घराघरांत टाळले जाऊ लागले. रोगाचे नाव घेतले की संकट येते, हे लोकांनाही कळले होते.

मुंबईची लोकसंख्या तेव्हा आठ लाखांच्या घरात होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. माणसे कोकणात, घाटावर, गुजरातेत आपापल्या गावी निघून गेली आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गेला. डिसेंबरातच तो पुण्यात आणि कराचीत पोहोचला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. त्याच्या बळावर पुण्यात रँड यांच्या हाताखाली घरझडत्या झाल्या. त्या अत्याचारांचा शेवट २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर झाडलेल्या गोळीने झाला. त्याच साथीत, रुग्णांची सेवा करताना, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. पुढच्या दोन-तीन दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

व्हिएगस यांनी या काळात दवाखाना बंद केला नाही. प्लेगच्या रुग्णाला तपासणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे होते. डॉक्टर आणि परिचारिकाही मरत होत्या. वस्त्यांची स्वच्छता, गटारे, दाटीची घरे यांवर त्यांनी पालिकेत सतत आवाज उठवला. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा एवढ्या जागेत, एक कारकून व तीन शिपाई यांच्या मदतीने हाफकिन लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लस आली तरी ती घेणार कोण, हा प्रश्न होताच. सरकारी माणसाच्या हातातली सुई लोकांना नको होती. अशा वेळी ओळखीच्या डॉक्टरचा शब्द कामाला येतो. सुमारे १८ हजार लोकांना लस टोचण्याचे श्रेय डॉ. व्हिएगस यांना दिले जाते.

१९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय ख्रिश्चन. मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठीही त्यांनी आग्रह धरला. दहा वर्षांपूर्वी ज्या सभागृहाला त्यांचे बोलणे ऐकायचे नव्हते, त्याच सभागृहाने त्यांना अध्यक्षाच्या खुर्चीत बसवले.

मुंबईबाहेर मात्र त्यांच्या निदानाचा परिणाम आणखी दूरवर गेला होता. मुंबईच्या प्लेगने युरोप हादरला आणि १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मार्चमध्ये तिथे करार झाला. आपल्या हद्दीत प्लेग दिसला तर इतर सरकारांना तारेने कळवायचे, असे त्यात ठरले. साथीची बातमी ही एका शहराची खासगी बाब नाही, ती सगळ्यांची आहे, हे तत्त्व त्यामुळे कागदावर आले. आज १९६ देशांना बांधणारे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम याच वाटेवरून आले आहेत. त्या नियमांत चार आजार असे आहेत, की ज्यांचा एक रुग्ण सापडला तरी जागतिक आरोग्य संघटनेला कळवावे लागते. देवी, पोलिओ, सार्स आणि माणसात सापडलेला नव्या उपप्रकाराचा फ्लू.

या यादीत फ्लू का, याचे उत्तरही व्हिएगस यांच्या हयातीतच मिळाले. ते ६२ वर्षांचे होते तेव्हा, १९१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस, महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांचे जहाज मुंबई बंदरात लागले. १० जूनला गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. हिवताप नव्हता, पण नेमके काय होते ते कळत नव्हते. पाठोपाठ गोदी कामगार, टपाल कर्मचारी, गिरणी कामगार आजारी पडू लागले. पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती मारक. ऐन तारुण्यातली माणसे दोन-तीन दिवसांत न्यूमोनियाने जात होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

या वेळीही नाव घेण्याचे भय होते, फक्त कारण वेगळे होते. युद्ध सुरू असलेल्या देशांत वृत्तपत्रांवर बंधने होती. सैन्यात साथ आहे हे शत्रूला कळू नये म्हणून बातम्या दाबल्या गेल्या. स्पेन युद्धात नव्हता, तिथली वृत्तपत्रे मोकळेपणाने लिहीत होती. म्हणून साथीला नाव पडले स्पॅनिश फ्लू. इथेही खरे सांगणाऱ्याच्याच माथी दोष आला.

मुंबईहून रेल्वेच्या मार्गाने ही साथ आत शिरली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सर्वाधिक फटका बसलेल्या भागांपैकी एक ठरला. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडात होता. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. कापणीच्या दिवसांत घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल बुकात लिहिले जात. मृत्यूचे कारण मात्र बहुतेक वेळा नुसते ताप एवढेच असे. देशभरात किती माणसे गेली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. आकड्यांतली ही तफावतच सांगते, की गावागावांतले मृत्यू धड मोजलेही गेले नाहीत. मुंबईत १८९६ साली मांडवीत एक व्हिएगस होते. १९१८ साली खेड्यापाड्यांत तापाचे रुग्ण पाहून वर कळवणारे कुणी नव्हते, आणि कळवावे अशी जागाही नव्हती.

फ्लूचे कारण तोवर कुणालाच ठाऊक नव्हते. ते सापडले १९३३ मध्ये, लंडनमध्ये. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णाच्या घशातला स्राव फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांच्या नाकात घालून माणसातल्या फ्लूचा विषाणू वेगळा केला. त्याच वर्षी डॉ. व्हिएगस यांचे निधन झाले.

विषाणू हाती आल्यावर लक्षात आले, की तो सतत रूप बदलतो. मागच्या वर्षीची लस यंदा चालेलच असे नाही. म्हणून जगभरातून नमुने गोळा करत राहणे भाग होते. १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूवर नजर ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. ती भारताचे राष्ट्रीय फ्लू केंद्र म्हणून या जाळ्यात आहे. देशोदेशीच्या अशा केंद्रांत आलेल्या नमुन्यांवरून वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते विषाणू घ्यायचे हे ठरवले जाते. पुण्यात किंवा यवतमाळात कुणाच्या घशातून घेतलेला एक स्वॅब जगाच्या लशीवर परिणाम करू शकतो, तो असा.

महाराष्ट्राने या व्यवस्थेची परीक्षा दोनदा पाहिली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मोठ्या संख्येने मेल्या. तो भारतातला पहिला बर्ड फ्लू. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. आसपासच्या माणसांचे नमुने तपासले गेले आणि सुदैवाने कुणालाही लागण झालेली नव्हती. तीन वर्षांनी, २००९ मध्ये, स्वाइन फ्लू आला आणि ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. त्या वेळी राज्यात साथ आवरण्यासाठी जो कायदा वापरला गेला, तो १८९७ चाच. प्लेगच्या दिवसांतला हा कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळीही बाहेर काढावा लागला.

व्हिएगस यांच्या वेळचा पेच मात्र अजून सुटलेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची बातमी आली, तेव्हा अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली आणि माल नाकारला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन ओळखून जगाला लगेच सांगितले. तीन दिवसांत त्यांच्या देशाची विमाने बंद झाली. १८९६ ची मुंबई आणि २०२१ चे जोहान्सबर्ग यांत तेवढे तरी साम्य राहिले.

म्हणून साथीची पूर्वतयारी म्हणजे केवळ व्हेंटिलेटर आणि लशींचा साठा नव्हे. खरे सांगणाऱ्याचे नुकसान कमी करणे हाही तिचाच भाग आहे. बर्ड फ्लूमध्ये नष्ट केलेल्या कोंबड्यांसाठी सरकार पालकांना भरपाई देते, ती याच कारणाने. भरपाई वेळेवर मिळाली तर कोंबड्या मरू लागताच शेतकरी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवतो. नाही मिळाली तर त्या रातोरात विकल्या जातात आणि विषाणू पुढच्या बाजाराला पोहोचतो.

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावात हे सगळे फार साध्या रूपात येते. एका गल्लीत एकाच आठवड्यात धाप लागणारे, ताप न उतरणारे चार-पाच रुग्ण दिसले, तर ही बाब पहिल्यांदा लक्षात येते ती आशा सेविकेच्या किंवा गावातल्या डॉक्टरच्या. खात्याच्या भाषेत अशा रुग्णांची नोंद फ्लूसदृश आजार किंवा सारी म्हणून होते. ही नोंद आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जाते. गरज असेल तर नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे निघतो. बहुतेक वेळा अहवाल नेहमीच्या हंगामी फ्लूचा येतो आणि धावपळ फुकट गेल्यासारखी वाटते. ती फुकट नसते. नेहमीचे काय ते ठाऊक असेल तरच एखाद्या दिवशी वेगळे काय ते ओळखता येते. आणि घरात असा रुग्ण असेल तर तो लपवण्याऐवजी कळवणे, एवढे काम कुणालाही करता येते.

मुंबईत धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर, डॉ. व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. काळबादेवीजवळच्या कॅव्हल भागातल्या एका रस्त्यालाही त्यांचे नाव दिलेले आहे. पुतळ्याजवळून रोज हजारो माणसे जातात आणि बहुतेकांना हा कोण हे माहीत नसते. मोठी लस किंवा मोठे औषध त्यांनी शोधले नाही. मांडवीतल्या रुग्णांची गाठ त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली, तिचे खरे नाव काय ते ओळखले आणि ज्या सभेला ते ऐकायचे नव्हते, तिथे ते सांगितले.